यांगत्सेवरचा जहाजप्रवास: धरणानंतर काय उरलं, आणि आई-वडिलांना घेऊन कधी व कुठून जावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या आसपास चीनला जायचं ठरतंय, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत, घरातले दोघं पूर्ण शाकाहारी आहेत. चोंगचिंग ते यीचांग हा यांगत्से नदीवरचा जहाजप्रवास घ्यावा का? तीन घळयांचं धरण झाल्यावर तिथे बघण्यासारखं काही उरलंय का? घ्यायचाच तर कुठल्या टोकाकडून?

मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन या नदीवर जातो आहे. माझं उत्तर असं की जरूर जा, नोव्हेंबरातच जा, आणि रजेत एक दिवस जास्त बसत असेल तर यीचांगकडून चोंगचिंगकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध जा. आता कारणं सांगतो.

आधी धरणाचं बोलू, कारण “सगळं बुडालं, आता काय बघणार” हे वाक्य मला प्रत्येक गटात ऐकू येतं. काम 1994 मध्ये सुरू झालं. जून 2003 मध्ये पाणी समुद्रसपाटीपासून 135 मीटरपर्यंत भरलं, आणि ऑक्टोबर 2010 मध्ये पहिल्यांदा 175 मीटरची पूर्ण पातळी गाठली. भिंतीपाशी पाणी पूर्वीपेक्षा शंभर मीटरहून जास्त वर आलं. नदीने वर जाऊ लागलं की हा फरक हळूहळू कमी होत जातो. तीन घळया म्हणजे वरून खाली छूथांग, वू आणि शीलिंग. छूथांग आणि वू यांच्या दोन्ही बाजूंचे डोंगर मात्र पाण्याच्या पातळीवरून हजार मीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही उंच आहेत. म्हणजे घळया बुडालेल्या नाहीत. तळाचा भाग गेला, वरचा जसाच्या तसा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची मान आजही तितकीच वर करावी लागते.

गेलं ते वेगळं, आणि ते फार मोठं आहे. सुमारे 13 लाख माणसांना घरं सोडावी लागली. फंगज्ये, वूशान, जिग्वेई ही जुनी गावं पाणी येण्याआधी पाडली आणि वरच्या उतारावर नव्याने बांधली. जहाजातून दिसणारी उंच, पांढुरकी, एकसारख्या इमारतींची शहरं तीच. तुमचं जहाज जुन्या फंगज्येच्या गल्ल्यांच्या बरंच वरून जात असतं. दुसरी गेलेली गोष्ट म्हणजे नदीचा वेग. पूर्वी इथे नुसतं पाणी नव्हतं, खडकांवरून उसळणारा, माणसं गिळणारा प्रवाह होता. शीलिंग घळईतल्या खोंगलिंगच्या धारेत डिसेंबर 1900 मध्ये सुइशियांग नावाचं जर्मन वाफेचं जहाज पहिल्याच फेरीत आदळून बुडालं. त्याआधी 1898 मध्ये आर्चिबाल्ड लिटल हा इंग्रज व्यापारी लीचुआन हे छोटं वाफेचं जहाज घेऊन चोंगचिंगला पोचला. वाफेवर या घळया पार करणारं ते पहिलं जहाज, पण अवघड धारांमध्ये त्यालाही काठावरून दोर लावून माणसांनीच ओढलं.

या ओढणाऱ्या माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण जहाजावरच्या कार्यक्रमात त्यांचं फक्त गाणं आणि नाच उरलाय. रेल्वे आणि रस्ते येण्याआधी सिचुआन प्रांतात माल जायचा तो याच वाटेने. मोठी लाकडी होडी धारेतून वर चढवायला कधी कधी शेकड्याने माणसं लागत. बांबूच्या चोयट्यांचा वळलेला दोर खांद्यावर घेऊन, जवळजवळ जमिनीला टेकून, कड्यात कोरलेल्या अरुंद वाटेवरून ती चालत. दोर घासून खडकांना खोल खाचा पडल्या होत्या. त्या वाटा आणि बहुतेक खाचा आता पाण्याखाली आहेत. काही खडक कापून वर आणले. चोंगचिंगच्या तीन घळयांच्या संग्रहालयात या सगळ्याबद्दल बघायला मिळतं. हे संग्रहालय जहाजाच्या आधी किंवा नंतर अर्धा दिवस काढून बघाच. ते बघितलं नाही तर घळया म्हणजे फक्त सुंदर डोंगर वाटतात, आणि त्या तशा कधीच नव्हत्या.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी मी प्रत्येक गटाला यीचांगच्या धक्क्यावर सांगतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच पाण्यावरून चोंगचिंगला गेले. चीन-जपान युद्धातल्या जखमींसाठी सप्टेंबर 1938 च्या सुरुवातीला मुंबईहून निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, आणि कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. पथक हांकौला, म्हणजे आजच्या वुहानला पोचलं तेव्हा जपानी सैन्य जवळ आलं होतं. तिथून ते यीचांगला आणि पुढे घळयांमधून चोंगचिंगला गेले. त्याच शरद ऋतूत यीचांगच्या काठावर अख्ख्या कारखान्यांची यंत्रं आणि हजारो निर्वासित अडकून पडले होते. मिन्शंग या जहाज कंपनीचे संस्थापक लू झुओफू यांनी घळयांतल्या प्रवासाचे तीन टप्पे पाडले, कुठलं जहाज किती खोल पाण्यात चालेल ते बघून माल वाटून दिला, आणि हिवाळ्यात पाणी उतरायच्या आत सुमारे 40 दिवसांत तो सगळा पसारा वर हलवला. चोंगचिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत, 1939 च्या सुरुवातीला येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर गेले, आणि डिसेंबर 1942 मध्ये चीनमध्येच वारले. चिनी माणसाला “कोटणीस” म्हटलं तर कळत नाही, “ख दीहुआ” म्हणा. वयस्क माणसांचे चेहरे उजळतात. तुमच्या आई-वडिलांनी हे नाव पाठ करून ठेवावं, सगळ्या प्रवासात उपयोगी पडेल.

महिन्याकडे वळतो, कारण या नदीवर महिना म्हणजे पाण्याची पातळी. धरणाचं वेळापत्रक आपल्या सवयीच्या उलट आहे. पावसाळ्यात पुराला जागा हवी म्हणून जूनच्या सुमारास पाणी 145 मीटरपर्यंत उतरवतात, आणि सप्टेंबरपासून भरत नेऊन ऑक्टोबरअखेरपर्यंत 175 च्या जवळ आणतात. म्हणजे उन्हाळ्यात जाणाऱ्याला काठाने तीस मीटर उंचीचा मातकट, उघडा पट्टा सतत दिसतो, आणि हिवाळ्यात जाणाऱ्याला पाणी थेट झाडीला टेकलेलं दिसतं. फोटोंपेक्षाही वयस्कांच्या गुडघ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. इथले बरेच धक्के उतारावर आहेत, पाणी खाली गेलं की जहाज आणि रस्ता यांच्यातल्या पायऱ्या वाढतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये चोंगचिंगचं तापमान चाळिशी गाठतं आणि हवा दमट असते. तेव्हा आई-वडिलांना नेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून वू घळईतल्या उतारांवर झुडपांची पानं लाल व्हायला लागतात आणि डिसेंबरात ऐन भरात येतात. पाणी वर, गारवा सुखाचा, गर्दी कमी. अडचण एकच, धुकं. चोंगचिंगला धुक्याचं शहर म्हणतात ते उगाच नाही. सकाळी धुकं दाटलं तर जहाज थांबतं, आणि थांबलंच पाहिजे. एप्रिल-मे हा दुसरा चांगला काळ. 1 ते 7 ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय सुट्टी, त्या आठवड्यात आणि त्याच्या आगेमागे नदीच्या जवळपासही जाऊ नका.

दिशेबद्दल. चोंगचिंगहून खाली येणारी जहाजं साधारण तीन रात्री घेतात, यीचांगकडून वर जाणारी चार. नदीच्या वाटेने अंतर सुमारे 650 किलोमीटर. बहुतेक कंपन्या आणि बहुतेक एजंट तुम्हाला खाली येणारी फेरी देतील, कारण एक रात्र वाचते. कामावर लवकर हजर व्हायचं असेल तर तीही वाईट नाही, आणि रात्री छाओथिएनमनच्या धक्क्यावरून निघताना जियालिंग आणि यांगत्सेच्या संगमावर उजळलेलं शहर दिसतं, ते खरंच बघण्यासारखं आहे. पण आई-वडील सोबत असतील तर वर जाणारी फेरी बरी. एक तर किनाऱ्यावरच्या भेटी चार दिवसांत विरळ वाटल्या जातात, सकाळी एक आणि दुपारी एक असा मारा होत नाही. दुसरं, सगळ्यात जास्त चालणं धरणापाशी असतं, आणि ते सुरुवातीलाच, पाय ताजे असताना होऊन जातं. तिसरं कारण माझ्या आवडीचं आहे: शीलिंग, मग वू, मग छूथांग, असा घळयांचा क्रम रुंदीकडून अरुंदीकडे जातो. शेवटी ख्वेईमनचा दरवाजा, म्हणजे छूथांगचं वरचं अरुंद तोंड येतं. खाली येताना हा सर्वोच्च क्षण पहिल्याच घळईत, बऱ्याचदा न्याहारीच्या गडबडीत निघून जातो.

वर जाणाऱ्या फेरीत एक गोष्ट मात्र बुकिंगच्या आधी विचारून घ्या: छूथांग आणि वू या दोन्ही घळया दिवसाउजेडी पार होणार का? काही वेळापत्रकांत त्यातली एक संध्याकाळनंतर येते. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो. उत्तर “बहुधा” असं आलं तर दुसरं जहाज बघा.

छूथांग ही तिन्हींत सगळ्यात लहान, जेमतेम 8 किलोमीटर. अर्ध्या तासात संपते. पण या अर्ध्या तासासाठीच आपण इतक्या लांब जातो. ख्वेईमनपाशी दोन कडे असे समोरासमोर येतात की पुढे वाट आहे यावर विश्वास बसत नाही. चीनच्या 10 युआनच्या नोटेच्या मागे हेच चित्र आहे. या तोंडाशीच पूर्वी यानयू नावाचा मोठा खडक नदीच्या मध्यावर होता. किती जहाजं त्यावर फुटली याची गणती नाही. नौकानयनासाठी तो 1950 च्या दशकाच्या शेवटी सुरुंग लावून उडवला. शेजारचं बायदीछंग म्हणजे “तीन राज्यां”च्या काळातलं ठाणं. शू राज्याचा राजा ल्यू बेई याने 223 मध्ये इथेच मरताना आपला मुलगा मंत्री झूग ल्यांगच्या हाती सोपवला. पूर्वी ही टेकडी काठाला जोडलेली होती, आता ती बेट आहे. पायऱ्या खूप आहेत. आई-वडिलांना वर चढवायचा आग्रह धरू नका, जहाजाच्या डेकवरून ख्वेईमन दिसतोच.

वू घळई सुमारे 45 किलोमीटरची, आणि मला तिचं वळण घेत जाणं सगळ्यात आवडतं. बारा शिखरं सांगतात. त्यातलं देवीचं शिखर उत्तर काठावर आहे, म्हणजे वर जाताना उजव्या हाताला. शिखराच्या कडेला एक उभा सुळका आहे, तीच देवी. ध्वनिवर्धकावर सूचना होते, पण ती चिनीत आधी आणि इंग्रजीत नंतर, तोवर सुळका अर्धा मागे गेलेला असतो. त्यामुळे या दोन्ही घळयांच्या वेळी केबिनच्या बाल्कनीत बसू नका, सगळ्यात वरच्या डेकवर जा. बाल्कनीतून एकच काठ दिसतो, आणि घळई ही दोन काठांचीच गोष्ट असते. आई-वडिलांसाठी वाऱ्यापासून जपणारी टोपी आणि शाल हाताशी ठेवा, घळईत वारा बोचरा असतो.

शीलिंग सगळ्यात लांब आणि एके काळी सगळ्यात धोक्याची. तिचा धरणाच्या वरचा भाग आता शांत आहे. खालचा, यीचांगकडचा भाग गझोबा या 1980 च्या दशकातल्या धरणाच्या पाण्यात येतो, आणि मोठी जहाजं हल्ली सहसा तिथे जात नाहीत. बरीचशी जहाजं धरणाच्या वरच्या माओपिंग धक्क्यावरच प्रवास सुरू करतात किंवा संपवतात, यीचांग शहरातून तिथवर बसने नेतात. म्हणून “जहाज लॉकमधून (धरण ओलांडायला जहाजं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांतून) जाणार का?” हा प्रश्न आधीच विचारा. जाणार असेल तर तो अनुभव चुकवू नका. पाच पायऱ्यांचं लॉक, प्रत्येक कप्पा 280 मीटर लांब आणि 34 मीटर रुंद. तुमच्या जहाजासोबत कोळशाच्या आणि कंटेनरच्या बोटी आत शिरतात, लोखंडी दारं बंद होतात, पाणी उतरतं किंवा चढतं. सगळे कप्पे पार करायला तीन-चार तास लागतात, आणि वेळ बऱ्याचदा रात्रीची असते.

लॉक नसेल तर जहाजांच्या लिफ्टची सहल वेगळे पैसे भरून मिळते. ती सप्टेंबर 2016 पासून सुरू आहे, 3,000 टनांपर्यंतची बोट पाण्याच्या हौदासकट उचलते, जास्तीत जास्त 113 मीटर. इंजिनिअर वडील असतील तर त्यांना ही सहल जरूर करू द्या. बोट आत आली तरी हौदाचं वजन तेवढंच राहतं, कारण बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. म्हणून तोलाची वजनं कायम ठेवून अवाढव्य हौद थोड्या ताकदीने हलवता येतो. अशी गोष्ट चित्रापेक्षा आत उभं राहून लगेच कळते.

धरण स्वतः सुमारे 2.3 किलोमीटर लांब आहे आणि वीजनिर्मितीची क्षमता 22,500 मेगावॉट, जगात सर्वात जास्त. बघायला सरकते जिने आहेत, थान्झलिंग या उंच ठिकाणापर्यंत फार दम लागत नाही. मात्र तिथे सुरक्षा तपासणी कडक असते, पासपोर्ट अंगावर ठेवा. आणि खरं सांगायचं तर नोव्हेंबरच्या धुक्यात भिंतीचं दुसरं टोक दिसेलच असं नाही.

किनाऱ्यावरच्या बाकीच्या भेटींमधून निवड करायची असेल तर माझा कौल छोट्या होडीच्या सहलीला: वूशानपाशी दानिंग नदीतल्या “छोट्या तीन घळया”, देवीचा ओढा, किंवा बादोंगपाशी शन्नोंग ओढा. जहाज यापैकी बहुधा एकच देतं, आणि तिन्हींत बसूनच फिरायचं असतं, चालणं थोडं. वरच्या कड्यांमधल्या कपारींत लाकडी शवपेट्या ठेवलेल्या दाखवतात. शिबाओजाय म्हणजे खडकाला टेकवून बांधलेला बारा मजली लाल लाकडी मनोरा. तो आता बंधाऱ्याने वेढलेल्या बेटावर आहे. बाहेरून अप्रतिम, आतले जिने फार उभे. वडिलांना खालच्या अंगणात बसवून तुम्ही वर जा. फंगदूचं “भुतांचं शहर” मी माझ्या गटाला ऐच्छिक ठेवतो. देवळं आणि यमलोकाची कल्पना आपल्याला ओळखीची वाटते हे खरं, पण त्यातलं बरंच नव्याने केलेलं आहे.

नदीवर मासेमारीच्या होड्या दिसणार नाहीत. 1 जानेवारी 2021 पासून यांगत्सेवर दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे. बैजी नावाचा इथला डॉल्फिन 2006 च्या शोधमोहिमेत एकही सापडला नाही, आणि यांगत्सेचा मोठा पॅडलफिश कायमचा नाहीसा झालाय. मी गटाला हे सांगतो, कारण डोंगर बघताना पाण्याकडे दुर्लक्ष होतं.

तुम्ही “साधी प्रवासी बोट मिळेल का” असंही विचारलंय. पूर्वी शांघायपासून चोंगचिंगपर्यंत सरकारी प्रवासी जहाजं चालत. विद्यार्थी, सैनिक, कोंबड्या घेतलेले शेतकरी, सगळे एकाच जहाजावर, आणि वर्गांची सुरुवात दुसऱ्या वर्गापासून, कारण समाजवादी देशात पहिला वर्ग नको. रस्ते झाले, 2010 च्या डिसेंबरात यीचांगहून डोंगरातून वान्झौला रेल्वे गेली, आता तर बुलेट ट्रेन काही तासांत चोंगचिंगला नेते. नदीवर रोजचा प्रवासी उरला नाही. देशी पर्यटकांसाठीची स्वस्त जहाजं आहेत, पण तिथे इंग्रजी जवळजवळ नाही आणि केबिन दाटीची. आई-वडिलांसोबत ती घेऊ नका. नव्या मोठ्या जहाजांवर लिफ्ट असते, बहुतेक केबिनना बाल्कनी असते, छोटा दवाखाना असतो. जलाशयाचं पाणी संथ असल्यामुळे जहाज डोलत नाही, समुद्रासारखी मळमळ होत नाही.

सुरक्षिततेबद्दल आईंना काळजी वाटते असं तुम्ही लिहिलंय, ती रास्त आहे. 1 जून 2015 च्या रात्री जियानलीजवळ ‘पूर्वेचा तारा’ हे पर्यटक जहाज वादळी वाऱ्यात उलटलं. जहाजावर 454 माणसं होती, त्यातली 442 गेली, बरीचशी वयस्क. ते जहाज नान्जिंगहून चोंगचिंगला निघालं होतं आणि अपघात घळयांच्या खूप खाली, उघड्या मैदानी पट्ट्यात झाला. चोंगचिंग-यीचांग वाट त्या पट्ट्यात येत नाही. तरी माझा नियम असा: कप्तान धुक्यासाठी किंवा वाऱ्यासाठी थांबला तर कुणीही कुरकुर करायची नाही, आणि जहाजातून उतरण्याच्या दिवशी संध्याकाळचं विमान कधीच घ्यायचं नाही. मध्ये चोंगचिंगला एक रात्र मुक्काम ठेवा. पहिल्या दिवशी केबिनमधली जीवरक्षक जाकिटं कुठे आहेत ते आई-वडिलांना हातात घेऊन दाखवा.

आता जेवण. तिन्ही वेळा बुफे असतो. भात, उकडलेल्या भाज्या, नूडल्स, वाफवलेले पाव, फळं भरपूर. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची असते: टोफूत डुकराच्या मांसाचा खिमा, पालेभाजीत ऑयस्टर सॉस, सूपमध्ये कोंबडीची पूड, कधी परतायला चरबी. “व्हेज” या शब्दावर विसंबू नका. एका कागदावर चिनी लिपीत लिहून घ्या की आम्ही मांस, मासे, अंडी, कोंबडीची पूड, ऑयस्टर सॉस आणि प्राण्यांची चरबी खात नाही, आणि जहाजावर चढल्यावर लगेच तो रेस्टॉरंट मॅनेजरला द्या. आचाऱ्याला एका जेवणाइतका वेळ मिळाला की तो दुपारपासून वेगळी थाळी करून देतो, असा माझा अनुभव आहे. कांदा-लसूण चालत नसेल तर बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण हवं असं सांगा, त्यात दोन्ही नसतं. हे जैन मंडळींच्या फार कामाला येतं. गरम पाणी जहाजावर सगळीकडे मिळतं, त्यामुळे चहाच्या पुड्या, तयार उपमा आणि पोह्यांची पाकिटं उपयोगी पडतात. थेपले, चटणी, भाजणीचा चिवडाही न्या. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ चीनमध्ये आणायला मनाई आहे.

पैशांसाठी भारतातूनच अलीपे किंवा वीचॅट फोनवर घेऊन आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा, आणि थोडे रोख युआन आई-वडिलांच्या खिशात द्या. गुगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर चालतात. घळयांत मात्र रेंज जाते, घरी आधी सांगून ठेवा. चीनमध्ये देशांतर्गत विमान घेणार असाल तर पॉवर बँकेवर चिनी प्रमाणपत्राची खूण असावी लागते, जून 2025 पासून नसेल तर ती विमानात नेऊ देत नाहीत.

वाट अशी आखा: 2020 पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली आहेत. शांघायला उतरा, दोन दिवस थकवा घालवा, मग बुलेट ट्रेनने यीचांग. त्या रात्री यीचांगलाच राहा, दुसऱ्या दिवशी दुपारी माओपिंगला जा. चोंगचिंगला उतरल्यावर दोन रात्री ठेवा. एक दिवस संग्रहालयाला, आणि उत्साह असेल तर दुसरा दिवस फूलिंगच्या बायहलियांगला. तिथे नदीतल्या लांब खडकावर 763 सालापासून दुष्काळी पाण्याच्या खुणा कोरलेल्या आहेत, दगडी माशांच्या डोळ्यांपाशी पाणी किती आलं ते मोजत. धरणाने तो खडक बुडवला, म्हणून 2009 मध्ये पाण्याखालीच संग्रहालय केलं. लांब सरकत्या जिन्याने खाली जाऊन गोल खिडक्यांतून बघता येतं. पर्यटकांची गर्दी नसते. या नदीचं मला सगळ्यात प्रिय ठिकाण हेच, तिथल्या माणसांनी बाराशे वर्षं नदीचं पाणी मोजलं आणि नोंद जपली.

एजंटकडून चार गोष्टी लेखी घ्या: जहाज कुठल्या धक्क्यावरून निघणार, दोन्ही घळया उजेडात आहेत का, कुठल्या सहली भाड्यात धरल्या आहेत आणि कुठल्या वेगळ्या, आणि पाणी-धुक्यामुळे एखादी भेट रद्द झाली तर काय. केबिन मधल्या मजल्यावरची, लिफ्टजवळची मागा. वरच्या मजल्यांचे जादा पैसे देण्यापेक्षा ते पैसे त्या चौथ्या रात्रीला घाला.